रंधा कुठल्या भाषेत चालतो

पेनेटँगविशीन गावात शिरताना रस्त्याच्या दोन बाजूंना दोन देवदूत उभे आहेत. १९२१ साली बसवलेले. इंग्रजी बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांच्यातल्या सलोख्याची ती खूण, असं गावात सांगतात. आत्याने मला गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून दोन्ही देवदूत नीट पाहून आली आणि पट्टा लावत म्हणाली, "सारखेच दिसतात की. कुठला कुणाचा, ओळखायचं कसं?"

"ओळखू येऊ नयेत असेच केले असतील."

"मग शाळा तेवढी वेगळी कशाला हवी होती त्यांना?"

टोरांटोपासून दीडेकशे किलोमीटरवर, जॉर्जियन बेच्या काठी वसलेलं हे दहा हजार वस्तीचं गाव. मी आत्याला तिथे मुद्दाम घेऊन गेलो होतो. ती बेळगावात चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवत होती. मी तिच्याच हाताखाली दहावी झालो. ओंटारियोतल्या फ्रेंच लोकांनी आपल्या हायस्कुलासाठी काय काय केलं ते वाचल्यापासून मला ती गोष्ट आत्याला सांगायची होती, आणि ती आपल्याच बाजूची असणार हे मी गृहीतच धरलं होतं. कर्नाटकात मराठी शाळेत जन्म घालवलेली बाई दुसरं काय म्हणणार!

पाण्यापाशी बाक होता. थर्मासमधला चहा काढला, चिवड्याचा डबा उघडला, आणि मी अगदी सुरुवातीपासून सांगायला बसलो.

१६१५ साली जोसेफ ल कारों नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू या भागात आला. त्याच्या पाठोपाठ शाँप्लँ हा फ्रेंच शोधप्रवासी आला. लाफोंतेन गावाजवळ तेव्हा वेन्डाट लोकांची वस्ती होती, तिथे ऑगस्टात ल कारोंने पहिली प्रार्थना केली. पुढे १८२८ मध्ये ड्रमंड बेट अमेरिकेकडे गेल्यामुळे तिथली ब्रिटिश छावणी पेनेटँगला हलली. तिच्याबरोबर फरच्या व्यापारात होड्या हाकणारी मेती कुटुंबं आली, फ्रेंच बाप आणि इथल्या मूळ जमातींतली आई अशी. १८४०च्या सुमारास क्वेबेकहून शेतकरी येऊन लाफोंतेनला स्थायिक झाले. म्हणजे हे फ्रेंच लोक परवा परवा आलेले नव्हेत.

"आणि त्या वेन्डाट लोकांची शाळा?" आत्याने विचारलं.

मी थांबलो. १६४९-५० मध्ये लढाया आणि रोगराईने ते लोक इथून उठले. भाषा पुढे घराघरांतून बोलली जाईनाशी झाली. आता क्वेबेकमध्ये त्यांचे वंशज जुने शब्दकोश घेऊन ती पुन्हा शिकतायत, असं मी सांगितलं.

"हे आधी सांगायचंस," ती म्हणाली. "अन्यायाची गोष्ट सांगताना आपल्या आधी तिथे कोण होतं ते गाळू नये. सांग पुढे."

पुढची गोष्ट कायद्याची आहे. १९१२ मध्ये ओंटारियो सरकारने 'नियम १७' आणला: पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायचं नाही. ओटावात गीग नावाची शाळा होती, तिथे देलोज आडनावाच्या दोन बहिणी, बेआत्रीस आणि दियान, बंदी झुगारून शिकवत राहिल्या. १९१६च्या जानेवारीत पोलिसांनी त्यांना बाहेर काढू नये म्हणून मुलांच्या आया शाळेच्या दाराशी पहाऱ्याला बसल्या. हातात काय, तर घरातली लाटणी आणि टोपीत खोचायच्या लांब सुया.

आत्याचा चेहरा उजळला. "लाटणी?"

"लाटणी."

"मग काय झालं?"

"१९२७ मध्ये नियम सैल पडला. १९४४ मध्ये कायद्याच्या पुस्तकातून गेला. पण ही सगळी प्राथमिक शाळेची कथा. हायस्कूल सरकारी खर्चाने फ्रेंचमध्ये मिळायला १९६८चा कायदा यावा लागला. तोवर ज्याच्याकडे फीचे पैसे होते त्याने मुलगा पाद्र्यांच्या नाहीतर मुलगी नन्सच्या खाजगी शाळेत घालायची. बाकीच्यांनी इंग्रजी हायस्कुलात जायचं किंवा घरी बसायचं. पुष्कळ घरी बसले."

"हे मला पटतं," आत्या म्हणाली. "सातवीपर्यंत एका भाषेत शिकवून आठवीला दुसरीत ढकललं की हुशार पोरगंही गांगरतं. मी पाहिलंय. आपल्या घटनेतही बघ, ३५०-अ कलम प्राथमिकपुरतंच आहे, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी म्हणून. १९५६ला घातलं. त्याच्या पुढे कोण बोलतंय?"

"इथे बोलले. कॅनडाच्या १९८२च्या हक्कांच्या सनदेत कलम २३ आहे, त्यात प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही येतं. अट एकच, संख्या पुरेशी असेल तिथे."

"संख्या," आत्या म्हणाली आणि कप खाली ठेवला.

मग ती जे बोलली ते मी इथे शक्य तितकं तिच्याच शब्दांत मांडतो, कारण माझी सगळी तयारी तिथेच कोलमडली.

"तू मे महिन्यात कधी घरी होतास? नाही. आम्ही शिक्षक मे महिन्यात काय करायचो माहितीये? पट भरायला घरोघर फिरायचो. उन्हात. छत्री, वही आणि पाण्याची बाटली. एकेका दारात उभं राहून सांगायचं, मुलाला आमच्याकडे घाला, वह्या आम्ही देऊ, गणवेश आम्ही बघू. आतून आई यायची, चहा द्यायची, मान ठेवायची, तुम्ही आमच्या ह्यांना शिकवलंय म्हणायची, आणि मुलगा मात्र कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेत. मी तिला काय बोलणार? तिला वाटतं त्याने माझ्यासारखं अडकू नये. ती भाषेची वैरीण आहे का? माझ्या शेवटच्या वर्षी आठवीच्या दोन तुकड्यांची एक झाली. शाळा सरकारने बंद केली नाही रे. कायदा आमच्या बाजूने होता, घटनेत अल्पसंख्याकांच्या शाळांचं कलम ३० होतं, अनुदान होतं, इमारत होती. मुलं नव्हती. म्हणून मी विचारते, भिंती बांधून भाषा राहते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, गोष्ट मात्र अजून शिल्लक होती. मी स्टर्जन फॉल्सची सांगितली. उत्तर ओंटारियोतलं गाव, बहुतेक वस्ती फ्रेंच. तिथल्या हायस्कुलात दोन्ही भाषांची मुलं एकत्र शिकायची, आणि त्यांतही फ्रेंच मुलंच जास्त. म्हणजे पटाची अडचण नव्हती. तरीही १९७१च्या सप्टेंबरात मुलांनी शाळेची दारं अडवली आणि आम्हाला वेगळी शाळा हवी म्हणून हटून बसली. सरकारने थॉमस सायमन्स यांचा आयोग नेमला. फ्रँको-सिते नावाचं फ्रेंच हायस्कूल त्यातून उभं राहिलं.

"संख्या जास्त असूनही?" आत्याने विचारलं.

"हो. कारण मिश्र शाळेत फ्रेंचचे तास असायचे, पण तासाबाहेरची शाळा इंग्रजीतच चालायची. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरची पाटी, लाउडस्पीकरवरच्या सूचना, हॉकीच्या मास्तरांची हाक, स्नेहसंमेलन. दहा फ्रेंच मुलांत एक इंग्रज मुलगा येऊन बसला की अकराही जणांनी इंग्रजीत बोलायचं, हा सभ्यपणा. त्याला येत नाही ना! चार वर्षं हा सभ्यपणा केला की पाचव्या वर्षी दोन फ्रेंच मुलंसुद्धा आपापसांत इंग्रजीत बोलतात."

आत्या हसली नाही. "हे आपल्याकडेही होतं. पण तो सभ्यपणा वाईट का म्हणतोस? मी बेळगावात जन्म काढला. भाजीवालीशी कन्नड, शेजारच्या काकूंशी अर्धं कन्नड अर्धं मराठी, बँकेत इंग्रजी. कुणी माझी भाषा घेतली नाही. एका बाकावर बसलेली मुलं मोठेपणी एकमेकांच्या मोर्च्यावर दगड मारत नाहीत. वेगळी शाळा केलीस की शेजारी वेगळा होतो. पेनेटँगच्या इंग्रजी आईबापांनीही हेच म्हटलं असेल."

म्हटलं होतं. आणि ते वाईट लोक नव्हते. एकाच हॉकी संघात खेळलेले, एकमेकांच्या लग्नांना गेलेले लोक. पिढ्यान्‌पिढ्या आपण इथे एकत्र नांदलो, मग आताच भिंत कशाला, हा प्रश्न मनापासूनचा होता. मी आत्याला एवढंच विचारलं की तुझं घर, तुझी भाजीवाली आणि तुझी बँक यांच्यामध्ये तुझी शाळा होती. चौतीस वर्षं रोज सहा तास तू अशा इमारतीत होतीस जिथे शिपाईदेखील मराठीत ओरडायचा. ती इमारत नसती तर?

यावर ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. एक होडी धक्क्याला लागत होती, दोरी टाकणारा माणूस कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होता. कुठल्या भाषेत ते वाऱ्यात कळलं नाही.

"पेनेटँगचं काय झालं ते सांग," ती म्हणाली.

पेनेटँगच्या फ्रेंच पालकांनी सिम्को काउंटीच्या शाळा मंडळाकडे स्वतंत्र हायस्कूल मागितलं. मंडळ म्हणालं, आहे त्या मिश्र शाळेतच भागवा. इसेक्स काउंटीतही असंच झालं होतं. तिथे मंडळ ऐकेना म्हणून १९७७ मध्ये ओंटारियोच्या विधिमंडळाला एका शाळेसाठी खास कायदा करावा लागला आणि १९७९ मध्ये लेसोर हे फ्रेंच हायस्कूल उघडलं. पेनेटँगला तसा कायदा मिळाला नाही. मग १९७९च्या सप्टेंबरात पालकांनी गावातल्या फ्रेंच केंद्रात आपली आपणच शाळा सुरू केली. नाव ठेवलं एकोल द ला ह्युरोनी. शिकवायला स्वयंसेवक. मान्यता नाही, मंडळाचा पैसा नाही. लोक तिला प्रतिकाराची शाळा म्हणू लागले.

"प्रयोगशाळा होती?" हा आत्याचा पहिला प्रश्न.

"केंद्रातल्या खोल्यांत कसली प्रयोगशाळा!"

"मग विज्ञान कसं शिकवलं?"

मला माझ्या शाळेतलं तिचं टेबल आठवलं. स्पिरिटचा दिवा, लाल पडलेला लिटमस आणि बाटलीवर तिच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी, 'सौम्य आम्ल'. ॲसिड हा शब्द मी अकरावीत पहिल्यांदा वहीत लिहिला, पण आम्ल म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं होतं.

पेनेटँगला तो हिवाळा तसाच गेला. मुलं त्या शाळेत येत राहिली. प्रकरण टोरांटोच्या वर्तमानपत्रांत गेलं, क्वेबेकमध्ये गेलं. आणि १९८०च्या एप्रिलमध्ये सरकारने स्वतंत्र फ्रेंच शाळा द्यायचं कबूल केलं. पुढच्याच महिन्यात, २० मे रोजी, क्वेबेकने कॅनडातून वेगळं होण्याच्या दिशेने पाऊल टाकावं का यावर सार्वमत होतं. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे लागलेलं असताना ओंटारियोला फ्रेंच मुलांची बिनप्रयोगशाळेची शाळा दाखवणं परवडणारं नव्हतं.

"म्हणजे शाळा राजकारणाने दिली," आत्या म्हणाली.

"वेळ राजकारणाने साधली. पण सप्टेंबर ते एप्रिल मुलं शाळेत आलीच नसती, तर एप्रिलमध्ये द्यायचं कुणाला? तू म्हणतेस ना, कायदा होता, मुलं नव्हती. इथे उलटं झालं. कायदा नंतर आला, इमारतही नंतर आली. मुलं आधी होती."

हे तिला लागलं असावं. मला तसं लागू द्यायचं नव्हतं. मी तिच्या शाळेला नावं ठेवत नव्हतो. माझी स्वतःची दोन मुलं शनिवारच्या मराठी वर्गात दोन वर्षं गेली आणि मग फुटबॉलच्या वेळेशी गाठ पडली म्हणून मीच त्यांना काढलं. तेव्हा पट कुणामुळे कमी होतो हे मला पक्कं ठाऊक आहे. ते मी तिला त्या बाकावर सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

१९८२ मध्ये नवी शाळा उभी राहिली आणि तिला त्या १६१५च्या धर्मगुरूचं नाव मिळालं: एकोल सगोंदेर ल कारों. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवतात. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि आत्याला मी तिथे नेलं ते खरं तर त्यासाठीच.

शाळा मिळाली, पण तिच्यात कार्यशाळा नव्हत्या. सुतारकाम, यंत्रकाम, हाताने शिकायचे विषय. काउंटीतल्या इंग्रजी हायस्कुलांत ते होते. फ्रेंच शाळेत वाङ्मय होतं, इतिहास होता, गणित होतं. मार्शाँ आडनावाचे एक पालक न्यायालयात गेले. म्हणाले, माझ्या मुलांना या शाळेत इंग्रजी मुलांइतकंच मिळायला हवं. १९८६ मध्ये ओंटारियोच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला: कलम २३ प्रमाणे या शाळेतल्या सोयी आणि शिक्षण काउंटीतल्या इंग्रजी हायस्कुलांच्या तोडीचं हवं, आणि त्यासाठी लागणारा पैसा मंडळाने आणि सरकारने द्यावा. त्या तोडीत या कार्यशाळाही आल्या.

आत्या एकदम सरळ बसली. "सुतारकाम?"

"सुतारकाम."

"कोर्टात?"

"कोर्टात. विचार कर आत्या. कवितेसाठी भांडणारे पुष्कळ. हा माणूस रंध्यासाठी भांडला. ज्या पोराला पुढे कॉलेजात जायचं नाही, गॅरेज टाकायचंय, घरं बांधायचीत, त्यालाही त्याचं काम फ्रेंचमध्ये शिकता यावं म्हणून. ज्या भाषेत फक्त धडे आणि प्रार्थना उरतात, तिच्यात पोटापाण्याचं काही उरलंच नाही, तर त्या मे महिन्यातल्या आईने आपला मुलगा तिच्यात का घालावा?"

"हेच," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हेच आम्ही चुकलो. आम्ही मराठी म्हणजे वाङ्मय मंडळ केलं. वक्तृत्व स्पर्धा, हस्तलिखित, गॅदरिंगला नाटक. सगळं चांगलं होतं, मी त्यातली एकही गोष्ट टाकणार नाही. पण आमच्या शाळेमागे फाउंड्रीत कामाला जाणारी किती पोरं होती! बेळगाव फाउंड्रीचं गाव. साचा, ओतीव काम, लेथ, सगळं आसपास. आणि आम्ही त्या पोरांना दहावीपर्यंत आम्ल आणि अल्क शिकवून सोडून द्यायचो. त्यांच्या हातातल्या कामाला शाळेत भाषाच नव्हती. ती पोरं नापास व्हायची तेव्हा आम्ही म्हणायचो, लक्ष नाही अभ्यासात."

मग तिने मला एका मुलाबद्दल सांगितलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. विज्ञानात कायम काठावर. एकदा प्रयोगशाळेतला तराजू मोडला, दुरुस्तीला पैसे नव्हते. त्या पोराने तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी नवी सुरी-धार बसवून आणला, वडिलांच्या लेथवर कातलेली. वर्गाला त्याने दोन मिनिटांत समजावून सांगितलं की टेकू इतका बारीक का लागतो. आत्या म्हणाली, तरफेचा धडा इतका चांगला मी कधी शिकवला नव्हता. आणि तो समजावला कुठल्या भाषेत? मराठीत, कन्नडच्या दोन शब्दांसह, आणि हत्यारांची नावं सगळी कारखान्यातली. त्या वर्षी तो विज्ञानात नापास झाला.

"तो तुझ्या मार्शाँच्या शाळेत असता तर नसता झाला," ती म्हणाली. आणि लगेच, शिक्षिकाच ती, पुढचा प्रश्न विचारला: "बरं, आता त्या शाळेत मुलं बोलतात कुठल्या भाषेत? मधल्या सुट्टीत?"

मला खरं सांगावं लागलं. ओंटारियोतल्या फ्रेंच शाळांचे शिक्षक हीच तक्रार करतात, की मधल्या सुट्टीत मुलं इंग्रजीकडे वळतात. फोनमध्ये इंग्रजी, खेळात इंग्रजी. कितीतरी घरांत आई किंवा बाप एकजण इंग्रजीच. पण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्बर्टातल्या माहे खटल्यात सांगितलं की संख्या पुरेशी असेल तिथे शाळा चालवण्यातही या पालकांचा हात हवा, आणि १९९८ पासून ओंटारियोत फ्रेंच शाळांची मंडळं फ्रेंच लोकच चालवतात. शाळेवर हिरवा-पांढरा झेंडा असतो, एका बाजूला लिली, दुसऱ्या बाजूला ओंटारियोचं ट्रिलियम फूल. आफ्रिकेतून, हैतीतून आलेली फ्रेंच बोलणारी कुटुंबं आता मोठ्या शहरांतल्या या शाळांत मुलं घालतात. पाया एकाच गावाच्या वंशावळीवर राहिलेला नाही.

"तरी मधल्या सुट्टीत इंग्रजी."

"तरी मधल्या सुट्टीत इंग्रजी."

"मग मी जिंकले की काय?" तिने विचारलं, आणि तिला जिंकायचं नव्हतं हे तिच्या स्वरात स्पष्ट होतं.

"तू बेळगावात भाजीवालीशी कन्नड बोलायचीस, मग आत्मविश्वासाने येऊन मराठीत घनमूळ शिकवायचीस. यांनाही तसं होता येईल की. दोन भाषा बोलणं आणि एक भाषा हरवणं यात फरक आहे. तो फरक ती इमारत करते, असं मला वाटतं."

"इमारत नाही, आतली माणसं."

"माणसांना उभं राहायला जमीन लागते आत्या. त्या आया लाटणी घेऊन दाराशीच बसल्या होत्या ना? दार होतं म्हणून."

हे तिने मान्य केलं नाही, नाकारलंही नाही. थर्मास बंद केला, डब्याला रबर लावलं. आम्ही शाळेपाशी गेलो तेव्हा दुपार कलली होती. रविवार, फाटक बंद, आवारात मॅपलची पानं पडलेली. मी गाडीतूनच दाखवत होतो, ही बघ शाळा, हे नाव. आत्याने दार उघडलं, खाली उतरून शालीचा पदर नीट घेतला आणि मला विचारलं, "कार्यशाळा कुठल्या बाजूला?"

मला माहीत नव्हतं. ती कुंपणाच्या कडेने मागच्या बाजूला चालू लागली.